बेसबॉलचा एक हंगाम व एका मुलाची चूक

कोणत्याही कार्यात अपयश आले म्हणजे त्याचे खापर फोडण्यासाठी एखादे डोके शोधावे, ही मनुष्यस्वभावाची फार जुनी खोड आहे. आणि जे डोके सर्वांत धाकटे असेल तेच बहुधा यासाठी निवडले जाते. ही खोड घरात दिसते, शाळेत दिसते, कचेरीत दिसते. क्रीडांगणावर तर ती हजारो लोकांच्या देखत उघडी पडते. अमेरिकेतील न्यूयॉर्क जायंट्स नावाच्या बेसबॉल संघाचा १९०८ सालचा हंगाम हे याचे एक बोधप्रद उदाहरण होय. त्या हंगामात या संघाने १५४ सामन्यांपैकी ९८ जिंकले, आणि तरीही केवळ एका सामन्याच्या फरकाने त्याची विजयपताका हुकली. लोकांनी हरलेल्या ५६ सामन्यांचा विचार केला नाही. एकोणीस वर्षांच्या एका मुलाने न टाकलेले एक पाऊल तेवढे त्यांनी लक्षात ठेवले. ते पाऊल कोणते, त्याचा न्याय कसा झाला, आणि त्याबद्दल त्या मुलास मिळालेला दोष कितपत योग्य होता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

खेळाची ओळख

आपल्याकडील विद्यार्थ्यांस क्रिकेट चांगले परिचित आहे. बेसबॉल तितका नाही. म्हणून पुढील हकीकत समजण्यापुरते त्याचे नियम प्रथम सांगणे अवश्य आहे.

मैदानावर ९० फूट बाजूचा एक चौरस आखलेला असतो. बॅट्समनच्या जागेवरून पाहिले असता तो शंकरपाळ्याप्रमाणे एका टोकावर उभा असल्यासारखा दिसतो. त्याच्या चार कोपऱ्यांस बेस म्हणतात. जेथे बॅट्समन उभा राहतो तो कोपरा म्हणजे 'होम', अर्थात घर. तेथून उजवीकडे पहिला बेस, समोर दुसरा आणि डावीकडे तिसरा. चेंडू टाकणाऱ्यास 'पिचर' म्हणतात. तो घरापासून ६० फूट ६ इंच अंतरावर उभा राहून, टप्पा न पाडता, चेंडू सरळ बॅट्समनकडे फेकतो. चेंडूस टोला बसला की बॅट्समनने बॅट टाकून देऊन धावत सुटावयाचे, आणि तिन्ही बेस ओळीने शिवून पुन्हा घरी यावयाचे. असा एक फेरा पुरा झाला म्हणजे एक धाव. एका दमात असा फेरा पुरा होण्याचा योग क्वचितच येतो. बहुधा गडी एखाद्या बेसवर थांबतो व मागून येणाऱ्या बॅट्समनांच्या टोल्यांवर पुढे पुढे सरकतो. तीन गडी बाद झाले की त्या संघाचा डाव संपतो. प्रत्येक संघात नऊ गडी असतात, आणि प्रत्येकास नऊ डाव मिळतात. तेवढ्यात बरोबरी झाली तर जादा डाव खेळवितात.

यांपैकी एक नियम मात्र नीट ध्यानात ठेवला पाहिजे, कारण पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे. टोला मारल्यावर बॅट्समनला पहिल्या बेसकडे धावणे भागच असते. एका बेसवर दोन गडी राहू शकत नाहीत. म्हणून पहिल्या बेसवर आधीपासून उभा असलेल्या गड्याने तो रिकामा करून दुसरा बेस गाठलाच पाहिजे. तो तेथे पोहोचण्यापूर्वी प्रतिपक्षाच्या एखाद्या गड्याने चेंडू हाती घेऊन दुसरा बेस शिवला, तर तो बाद. आणि अशा रीतीने बाद होणारा गडी जर त्या डावातील तिसरा असेल, तर त्याच टोल्यावर दुसऱ्या कोणी घर गाठलेले असले, तरी ती धाव धरली जात नाही.

संघ व त्यातील प्रमुख गडी

व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मोठ्या संघटना अमेरिकेत होत्या. एक १८७६ साली स्थापन झालेली नॅशनल लीग आणि दुसरी अमेरिकन लीग. १९०८ साली नॅशनल लीगमध्ये न्यूयॉर्क, शिकागो, पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, सिनसिनाटी, बोस्टन, ब्रुकलिन व सेंट लुई असे आठ संघ होते. एप्रिल महिन्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत प्रत्येक संघास १५४ सामने खेळावयाचे असत. ज्याचे विजय सर्वांत अधिक, त्यास त्या वर्षीची विजयपताका मिळे, आणि मग दोन्ही लीगांतील विजेत्यांत 'वर्ल्ड सिरीज' नावाची अखेरची सामनेमालिका होई.

जायंट्स संघाचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ हे होते. अंगाने ठेंगणे, स्वभावाने तापट, पंचांशी भांडण्यात तरबेज, पण खेळाच्या ज्ञानात त्यांची बरोबरी करणारे फार थोडे. त्यांच्या हाताखाली या संघाने १९०४ व १९०५ ही दोन्ही वर्षे पताका जिंकली होती. पुढील दोन वर्षे मात्र ती शिकागो कब्ज या संघाने नेली, आणि १९०७ साली जायंट्स चौथ्या क्रमांकापर्यंत खाली घसरले. तेव्हा मॅग्रॉ यांनी संघाची पुनर्रचना केली. आपले पाच जुने गडी बोस्टनला देऊन त्यांच्या बदल्यात त्यांनी तिघांना आणले. त्यांत पहिल्या बेसवरील अनुभवी खेळाडू फ्रेड टेनी आणि अल ब्रिडवेल हे दोघे होते. या दोघांचीही नावे पुढे यावयाची आहेत.

संघाचा खरा आधारस्तंभ म्हणजे पिचर क्रिस्टी मॅथ्यूसन. उंच, देखणा, महाविद्यालयात शिकलेला व वागणुकीने सभ्य. आईला दिलेल्या वचनाप्रमाणे तो रविवारी खेळत नसे. ज्या काळी धंदेवाईक खेळाडूंकडे प्रतिष्ठित लोक नाक मुरडून पाहात, त्या काळी मॅथ्यूसनमुळे या खेळास मान मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही. १९०८ साली त्याने ५६ सामन्यांत चेंडू टाकला आणि ३७ विजय मिळविले. विसाव्या शतकात नॅशनल लीगमधील दुसऱ्या कोणत्याही पिचरला एका हंगामात इतके विजय मिळाले नाहीत. त्याच्या जोडीस हूक्स विल्ट्सी हा होता. त्याचे विजय २३.

या मातबर गड्यांच्या मागे, राखीव गड्यांच्या बाकावर, फ्रेड मर्कल नावाचा एक मुलगा बसलेला असे. त्याचा जन्म २० डिसेंबर १८८८ चा. मिशिगन संस्थानातील एका लहानशा लीगमधून तो १९०७ साली न्यूयॉर्कला आला होता. टेनी रोज खेळत असल्यामुळे मर्कलला अधूनमधून एखाद्याच्या बदली बॅट घेऊन उभे राहण्यापलीकडे काम नसे. तो पाहात होता, शिकत होता, आणि आपल्या पाळीची वाट पाहात होता.

तिघांची चुरस

हा हंगाम विलक्षण चुरशीचा झाला. न्यूयॉर्क, शिकागो व पिट्सबर्ग हे तीन संघ उन्हाळाभर एकमेकांच्या पाठोपाठ चालले होते. आज एक वर, तर उद्या दुसरा. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावर त्या वर्षी सुमारे ९ लाख १० हजार प्रेक्षक आले. पोलो ग्राउंड्स असे नाव असले तरी तेथे पोलो खेळला जात नसे. कूगन्स ब्लफ या टेकडीच्या पायथ्याशी वसलेले ते बेसबॉलचेच मैदान होते.

या हंगामातील एक प्रसंग येथे मुद्दाम सांगितला पाहिजे. ४ जुलै रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध विल्ट्सीने लागोपाठ २६ गडी बाद केले. सत्ताविसावा बाद झाला असता, तर नऊ डावांत एकही गडी बेसवर पोहोचू न देण्याचा दुर्मिळ विक्रम त्याच्या नावावर लागला असता. बाद होण्यास योग्य असा चेंडू त्याने टाकलाही. परंतु पंच रिग्लर यांनी तो मान्य केला नाही, आणि पुढचाच चेंडू बॅट्समनच्या अंगाला लागल्यामुळे त्यास पहिला बेस बहाल झाला. विल्ट्सीने हताश न होता दहाव्या डावापर्यंत एकही टोला सफल होऊ दिला नाही व सामना १ विरुद्ध ० असा जिंकला. आपला तो निर्णय चुकला, हे रिग्लर यांनी मागाहून मोकळ्या मनाने कबूल केले. चूक पंचांचीही होते. पण त्या चुकीवरून त्यांना जन्माचे टोपणनाव कोणी दिले नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

दुसरा प्रसंग ४ सप्टेंबरचा, पिट्सबर्ग येथील. त्या सामन्यात जायंट्स संघाचा काही संबंध नव्हता. पिट्सबर्ग व शिकागो एकमेकांविरुद्ध खेळत होते. दहाव्या डावात पिट्सबर्गच्या एका गड्याने टोला मारला, तिसऱ्या बेसवरील गडी घरी आला, आणि पिट्सबर्गचा १ विरुद्ध ० असा विजय झाला. परंतु पहिल्या बेसवर असलेला वॉरन गिल हा दुसऱ्या बेसपर्यंत न जाता मध्येच वळून मैदानाबाहेर निघून गेला. शिकागोचा जॉनी एव्हर्स हा नियमांचा मोठा अभ्यासू. त्याने चेंडू मागवून दुसरा बेस शिवला आणि पंच हँक ओडे यांच्यापाशी तक्रार केली की गिल बाद आहे, सबब धाव रद्द करावी. त्या दिवशी मैदानावर ओडे एकटेच पंच होते. "मी ते पाहिले नाही," या कारणास्तव त्यांनी तक्रार फेटाळली, व लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनीही ती नामंजूर केली. परंतु ओडे हे प्रामाणिक गृहस्थ होते. एव्हर्सचे म्हणणे नियमाला धरून आहे हे त्यांना पटले, आणि असा प्रसंग पुन्हा आल्यास त्याकडे लक्ष ठेवावयाचे, हे त्यांनी मनाशी ठरविले.

येथे गिलचीही बाजू सांगणे न्याय्य होईल. विजयाची धाव पुरी झाली की सामना संपला असे समजून उरलेल्या गड्यांनी पळ काढावा, अशी त्या काळी सर्रास रीत होती. कारण सामना संपताच हजारो प्रेक्षक मैदानात उतरत व त्यातूनच बाहेरची वाट धरीत. त्या लोंढ्यात सापडू नये म्हणून खेळाडू आधीच आपल्या खोलीकडे धूम ठोकीत. नियम पुस्तकात होता. रीत मैदानावर होती. आणि दोहोंची गाठ तोवर पडली नव्हती.

२३ सप्टेंबर

ती गाठ १९ दिवसांनी पडली. शिकागोचा संघ न्यूयॉर्कला आलेला होता, आणि आदल्याच दिवशी त्याने जायंट्सना दोन सामन्यांत हरविले होते. २३ सप्टेंबर रोजी सकाळी टेनीची पाठ धरली. त्यास उभेही राहवेना. तेव्हा मॅग्रॉ यांनी मर्कलला त्याच्या जागी घेतले. त्या हंगामात सामन्याच्या आरंभापासून खेळण्याची मर्कलची ही पहिलीच वेळ होती.

सुमारे २० हजार प्रेक्षक जमले होते. जायंट्सतर्फे मॅथ्यूसन व शिकागोतर्फे जॅक फिस्टर चेंडू टाकीत होते. पाचव्या डावात शिकागोच्या जो टिंकरने एक धाव काढली. सहाव्यात जायंट्सने तिची फेड केली. नवव्या डावाच्या उत्तरार्धापर्यंत एकेक अशी बरोबरी राहिली. जायंट्सचे दोन गडी बाद झाले होते आणि मॅककॉर्मिक पहिल्या बेसवर उभा होता. अशा वेळी मर्कलने उजव्या बाजूस एक सुरेख टोला मारला. मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर पोहोचला, मर्कल पहिल्यावर. हा टोला नसता तर पुढचे काहीच घडले नसते, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते.

त्यानंतर ब्रिडवेल आला. त्याने पहिलाच चेंडू असा सरळ मारला की तो चुकविण्यासाठी दुसरे पंच बॉब एम्स्ली यांना जमिनीवर अंग टाकावे लागले. मॅककॉर्मिक घरी आला. लोकांनी जयघोष करीत मैदानात उड्या घेतल्या. तो लोंढा येताना पाहून मर्कल अर्ध्या वाटेवरून वळला आणि मैदानाच्या टोकाशी असलेल्या खेळाडूंच्या खोलीकडे धावत सुटला. दुसरा बेस त्याने शिवला नाही.

एव्हर्सचे लक्ष मात्र ढळले नव्हते. त्याने मध्यभागी असलेल्या हॉफमनकडून चेंडू मागितला. चेंडू आला तो डोक्यावरून पुढे गेला. जायंट्सच्या मॅकगिनिटीस घोटाळ्याची चाहूल लागली. त्याने झटापट करून चेंडू हिसकला व प्रेक्षकांच्या गर्दीत भिरकावून दिला. अखेर एव्हर्स हातात एक चेंडू घेऊन दुसऱ्या बेसवर उभा राहिला. तो तोच चेंडू होता की दुसरा, याविषयी साक्षीदारांचे कधीच एकमत झाले नाही. एम्स्ली यांनी सांगितले की, मी पडलो असल्यामुळे मर्कलला पाहू शकलो नाही. परंतु ओडे यांनी पाहिले होते. त्यांनी मर्कलला बाद ठरविले. धाव रद्द झाली. मैदान लोकांनी भरून गेलेले, अंधार पडू लागलेला. पुढे खेळणे अशक्य होते. म्हणून सामना बरोबरीत सुटला असे जाहीर झाले.

निवाडा

न्यूयॉर्कमध्ये एकच गहजब उडाला. जायंट्स म्हणू लागले, आम्ही सामना जिंकला. शिकागोचे म्हणणे, तो आम्हांस मिळाला पाहिजे. अध्यक्ष पुलियम यांनी ओडे यांचा निर्णय कायम ठेवला. प्रकरण लीगच्या संचालकांपुढे गेले. त्यांनी ठरविले की, हंगामाच्या अखेरीस जरूर पडल्यास हा सामना ८ ऑक्टोबर रोजी पुन्हा खेळवावा.

हा निवाडा योग्य होता काय? आमच्या मते होता. रीत कितीही रूढ असली तरी लिहिलेला नियम तिच्यामुळे रद्द होत नाही. शिवाय ओडे यांनी यजमान संघाच्या मैदानावर, खवळलेल्या हजारो लोकांच्या मध्ये उभे राहून, त्याच संघाविरुद्ध निर्णय दिला. यास धैर्य लागते. मर्कल चुकला होता, यातही संशय नाही. परंतु चूक ठरविणे ही एक गोष्ट आणि सर्व अपयशाचा भार त्या एका चुकीवर लादणे ही दुसरी. पंचांनी पहिली गोष्ट केली; वृत्तपत्रांनी व लोकांनी दुसरी केली. त्यांनी मर्कलला 'बोनहेड' हे नाव दिले, म्हणजे ज्याच्या डोक्यात मेंदूऐवजी हाडच भरले आहे असा मनुष्य.

अखेरची चुरस

त्या सामन्यानंतरही जायंट्सच्या हाती पुष्कळ सामने शिल्लक होते. त्यांनी ते जिंकले असते तर २३ सप्टेंबरची कोणी आठवणही काढली नसती. परंतु घडले ते निराळेच. २५ सप्टेंबर रोजी मॅग्रॉ यांनी रूब मार्क्वार्ड या नवख्या पिचरला सिनसिनाटीविरुद्ध प्रथमच उतरविले. त्यास मिळविण्यासाठी संघाने ११ हजार डॉलर मोजले होते, व त्या काळी ही रक्कम अवाढव्य होती. तो हरला, आणि लोकांनी त्याचीही टर उडविली. पुढे फिलाडेल्फियाशी गाठ पडली. त्या संघात हॅरी कोव्हेलेस्की हा पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलखातून आलेला तरुण पिचर होता. त्याने २९ सप्टेंबर, १ ऑक्टोबर व ३ ऑक्टोबर असे पाच दिवसांत तीनदा जायंट्सना हरविले. तिसऱ्या वेळी तर खुद्द मॅथ्यूसनविरुद्ध!

४ ऑक्टोबर रोजी शिकागोने पिट्सबर्गला हरविले आणि पिट्सबर्गची आशा संपुष्टात आली. जायंट्सना आता बोस्टनविरुद्धचे तिन्ही सामने जिंकणे प्राप्त होते. ते त्यांनी जिंकले. न्यूयॉर्क व शिकागो या दोन्ही संघांचे ९८ विजय व ५५ पराभव झाले. म्हणजे तो बरोबरीचा सामना पुन्हा खेळण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

८ ऑक्टोबर रोजी पोलो ग्राउंड्सवर लोकांचा महापूर लोटला. दरवाजे बंद झाल्यावर हजारो लोक बाहेर राहिले. कोणी टेकडीवर बसले, कोणी आगगाडीच्या उंच पुलावर चढले. मॅथ्यूसनचा हात हंगामभराच्या श्रमाने थकलेला होता. पहिल्या डावात जायंट्सने एक धाव काढली. त्याबरोबर शिकागोने आपला पिचर बदलून मॉर्डेकाय ब्राउन यास आणले. लहानपणी चारा कापण्याच्या यंत्रात सापडून याच्या उजव्या हाताची तर्जनी तुटली होती व इतर बोटेही वाकडी झाली होती. परंतु त्याच व्यंगामुळे त्याच्या चेंडूस असे विलक्षण वळण मिळे की भल्याभल्यांना तो मारता येत नसे. तिसऱ्या डावात टिंकरने सीमोरच्या डोक्यावरून चेंडू मारला, आणि शिकागोने चार धावा काढल्या. सातव्या डावात जायंट्सचे गडी तिन्ही बेसवर उभे होते व एकही बाद झालेला नव्हता. तरी त्यांना एकच धाव मिळाली. सामना ४ विरुद्ध २ असा शिकागोने जिंकला. पुढे त्या संघाने डेट्रॉइटचा पराभव करून वर्ल्ड सिरीजही जिंकली. आणि मग तसे यश पुन्हा पाहण्यासाठी त्यास २०१६ सालापर्यंत, म्हणजे १०८ वर्षे, थांबावे लागले.

दोष कोणाचा?

आता हिशेबाची वही उघडून पाहू. २२ सप्टेंबरला शिकागोविरुद्ध दोन सामने गेले, त्यांत मर्कलचा दोष नव्हता. कोव्हेलेस्कीने तीन सामने हिरावून नेले, ते मर्कलमुळे नव्हेत. अखेरच्या सामन्यात चार धावा दिल्या त्या संघातील सर्वश्रेष्ठ पिचरने; तिन्ही बेस भरलेले असता संधी दवडली ती अनुभवी बॅट्समनांनी. यांपैकी कोणताही एक निकाल उलट लागता, तर पताका न्यूयॉर्कचीच होती.

याहूनही एक महत्त्वाची बाब आहे. पिट्सबर्गची तक्रार सर्व वृत्तपत्रांत गाजली होती. एव्हर्स कोणत्या नियमावर बोट ठेवतो आणि ओडे यांच्यापुढे हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे, हे जाणण्यास १९ दिवसांचा अवधी होता. मॅग्रॉ यांच्यासारख्या जाणत्या व्यवस्थापकाने आपल्या गड्यांना "बेस शिवल्यावाचून मैदान सोडू नका" अशी ताकीद दिली असती, तर एकोणीस वर्षांच्या मुलाने ती खचित पाळली असती. परंतु तशी ताकीद दिली गेल्याचे दिसत नाही. मर्कलने केले ते त्याने थोरांना नित्य करताना पाहिलेलेच होते. मग थोरांच्या रीतीचे प्रायश्चित्त धाकट्यास द्यावयाचे, हे वड्याचे तेल वांग्यावर काढण्यासारखेच झाले.

शेवटी घडलेली चूक डोळ्यांत भरते. आधीच्या चुका तिच्या आड लपतात. शिवाय एका व्यक्तीस दोष दिला म्हणजे बाकीच्या सर्वांची सुटका होते, हाही त्यातील एक लाभ असतो. म्हणून अशा प्रसंगी दोष देणारे पुष्कळ असतात व हिशेब पाहणारे थोडे.

पुढील वृत्त

मॅग्रॉ यांची एक थोर गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. मर्कल खंगून गेला होता. आपणास संघातून काढून टाका अशी विनंती घेऊन तो मॅग्रॉ यांच्याकडे गेला होता असे सांगतात. मॅग्रॉ यांनी त्यास काढले नाही. पंचांशी हातघाईवर येणाऱ्या या तापट माणसाने त्या मुलास एका शब्दानेही दुखविले नाही. उलट पुढील वर्षी त्याचा पगार वाढविला. मार्क्वार्डलाही त्यांनी असेच सांभाळले. याचे फळ काय मिळाले? १९११, १९१२ व १९१३ अशी सलग तीन वर्षे जायंट्सने पताका जिंकली. त्या तिन्ही संघांत पहिल्या बेसवर मर्कल होता. १९११ साली त्याने बेस चोरण्याच्या कलेत ४९ वेळा यश मिळविले. ज्याची टर उडविली गेली त्या मार्क्वार्डने १९१२ साली लागोपाठ १९ सामने जिंकले. मुलांवर ठेवलेला विश्वास व्याजासह परत आला.

मर्कल एकंदर सोळा हंगाम मोठ्या लीगमध्ये खेळला व त्याने १,५८० सफल टोले मारले. तरीही ते टोपणनाव त्याच्या पाठीस लागले ते सुटलेच नाही. ज्याच्या टोल्याने हे सारे घडले त्या ब्रिडवेलनेही म्हातारपणी बोलून दाखविले की, आपण तो चेंडू मारलाच नसता तर बरे झाले असते, म्हणजे त्या मुलाच्या नशिबी एवढे दुःख आले नसते. मर्कल पुष्कळ वर्षे बेसबॉलपासून दूर राहिले. १९५० साली जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी ते पोलो ग्राउंड्सवर परत आले, तेव्हा लोकांनी टाळ्यांच्या कडकडाटात त्यांचे स्वागत केले. २ मार्च १९५६ रोजी त्यांचा अंत झाला. जायंट्स संघ १९५८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे गेला आणि १९६४ साली ते मैदानही पाडण्यात आले.

विद्यार्थिमित्रहो, या हकीकतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, काम पुरे झाले असे वाटले तरी अखेरचे पाऊल टाकल्यावाचून ते पुरे होत नाही. गणित सुटले तरी उत्तर लिहावयाचे राहते. पेपर लिहून झाला तरी तो एकवार वाचून पाहावयाचा राहतो. इतरांची रीत काय आहे हे न पाहता नियम काय आहे ते पाहावे. दुसरी गोष्ट ही की, एखादे पाऊल चुकलेच, तर त्यामुळे पुढील सर्व वाट बंद होत नाही. मर्कलने मैदान सोडले नाही. तो दुसऱ्या वर्षी पुन्हा त्याच लोकांपुढे, त्याच मैदानावर, बॅट घेऊन उभा राहिला. नियमाकडे दुर्लक्ष करणे सोपे असते. हसणाऱ्यांच्या समोर पुन्हा उभे राहणे अवघड असते, आणि त्याने अवघड तेच केले.

पालकवर्गास आमची एवढीच विनंती आहे. मुलाच्या हातून चूक झाली तर ती चूक आहे असे त्यास स्पष्ट सांगावे. ओडे यांनी सांगितले तसे, न भिता व न रागावता. परंतु त्या चुकीचे नाव करून ते मुलास चिकटवू नये. "तू येथे चुकलास" हे वाक्य मूल विसरून सुधारते. "तू मूर्खच आहेस" हे वाक्य त्यास जन्मभर पुरते. आणि दोष देण्यापूर्वी हिशेबाची वही एकदा मागे चाळावी. त्या १९ दिवसांत आपण त्यास काय सांगावयास हवे होते व काय सांगितले नाही, हेही तेथे लिहिलेले सापडेल.